घरची नळी कोण बघणार?



हंगामाआधी कारखान्यात बगॅस यार्डाजवळचे पाण्याचे पाईप सोडून बघतात, लाल बादल्यांत वाळू भरतात. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ होते. ठीकच आहे. पण शपथ घेऊन घरी गेलेल्या माणसाला आपल्या शेगडीमागची नळी कोणत्या सालची, हे सांगता येईल का? जळक्या उसाची कपात आपल्याला तोंडपाठ असते, नळीचं साल नसतं. मलाही नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात पहाटे आमच्या मंडळींनी काडी ओढली आणि ओट्याखालून भपका उठला. जुनी साधी रबरी नळी, उंदरानं कुरतडलेली. हात भाजण्यावर निभावलं. सर्दीनं नाक बंद, त्यामुळं वास आलाच नव्हता.

माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याच्या घरी छताला धूर ओळखणारी घंटी आहे. महिन्यातनं एकदा बटण दाबून ती वाजते का बघायचं आणि दहा वर्षांनी अख्खी बदलायची. ऐकून मी हसलो होतो. आमच्या मिरचीच्या फोडणीला ती दिवसातनं चारदा बोंबलेल! आता हसू येत नाही. आपली घंटी म्हणजे तो वास. गॅसला स्वतःचा वास नाही, मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, आणि आपण झोपतो खालीच.

म्हणून नळी आतून तारेची, केशरी, आयएसआय शिक्क्याचीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला. तिच्यावर कापड, प्लास्टिक गुंडाळू नका, चीर झाकली जाते. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून बघणारे शहाणे अजून आहेत, त्यांना हात जोडतो. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर बी-२७ असं असेल तर एप्रिल ते जून २०२७ मध्ये त्याची चाचणी करायची असते. ती मुदत उलटलेला दारातनंच परत करा. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

कुणी म्हणेल, हे वितरकाचं काम. आहेच. पण आमच्याकडं आलेला माणूस उंबऱ्यावरच सही घेऊन गेला. शेतकी खात्याची माणसं ऊस नोंदीला बांधावर येतातच. त्यांच्याबरोबर गटवार एक फिटर द्यावा. नळीचे पैसे, खत-बेण्याचे करतो तसे, उसाच्या बिलातून वळते करून घ्यावेत. खर्च सभासदाचाच, कारखान्याला फक्त माणूस द्यायचा आहे.

येत्या वार्षिक सभेसाठी हा प्रश्न मी लेखी देतो आहे. ज्यांना पटेल त्यांनी त्याखाली सही करायला गट ऑफिसात यावं. येण्याआधी आपल्या नळीवरचं साल तेवढं वाचून या.

— एक ऊस उत्पादक सभासद