सोवळ्यातल्या मालिका, ओवळं विडंबन

२००७ ते २०११ या काळात अमेरिकेतल्या पॉर्न उद्योगाला टीव्हीवरच्या विनोदी मालिकांनी पछाडलं होतं. २००७मध्ये ‘नॉट द ब्रेडीज एक्सएक्सएक्स’ गाजला आणि मग ‘साइनफेल्ड’, ‘द ऑफिस’, ‘थर्टी रॉक’, ‘फ्रेंड्स’, ‘द बिग बँग थिअरी’ अशी एकेका सिटकॉमची पाळी आली. तोच दिवाणखाना, तोच सोफा, तसेच केसांचे टोप, आणि थोड्या थोड्या वेळाने जे व्हायचं ते. यावर सज्जनांचं म्हणणं असं, की कुटुंबाने एकत्र बसून पाहायच्या निर्मळ करमणुकीला या लोकांनी विटाळलं आणि वर दुसऱ्याच्या कल्पनेवर दरोडाही घातला. जरा जाणकार मंडळी आणखी एक मुद्दा जोडतात: याला विडंबन म्हणणं हाच विडंबनाचा अपमान आहे. पहिल्या दोन्ही गोष्टी मला साफ अमान्य आहेत. तिसरीत तथ्य आहे, पण ते वेगळ्याच कारणाने.

आधी निर्मळपणाचं पाहू. अमेरिकी सिटकॉमची आद्य कुलदेवता म्हणजे सीबीएसवर १९५१मध्ये सुरू झालेली ‘आय लव्ह लूसी’. पडद्यावरचे नवराबायको ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ खऱ्या आयुष्यातही नवराबायकोच होते. तरीही मालिकेतल्या त्यांच्या शयनगृहात खाटा दोन. १९५२मध्ये ल्युसिल बॉल खरोखरच गरोदर राहिली, तेव्हा ते कथानकात घ्यायचं ठरलं. पण ‘गरोदर’ हा शब्द तोंडातून काढायला वाहिनीची मनाई होती. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू धर्मगुरू अशा तिघांना दाखवून घेतल्या जात. १९ जानेवारी १९५३ला बाळ जन्मल्याचा भाग लागला, तो सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला याहून कमी प्रेक्षक लाभले. वेगवेगळ्या खाटांवर झोपणाऱ्या जोडप्याला मूल झालं आणि सबंध देश ते पाहायला बसला! जे बोलायचं नाही असं ठरलं होतं, त्याचीच सगळ्यांना सर्वांत जास्त उत्सुकता होती.

पुढे १९७७मध्ये एबीसीवर ‘थ्रीज कंपनी’ आली. दोन तरुणी आणि एक तरुण एकाच भाड्याच्या घरात राहतात. घरमालकाला हे खपणार नाही म्हणून जॅक नावाचा तो तरुण आपण समलैंगिक असल्याचं सोंग आणतो. भाग कुठलाही काढा, गाडी बहुतेक एकाच रुळावरून जाते: कोणीतरी दाराआडून अर्धवट बोलणं ऐकतं, आत भलतंच चाललंय अशी समजूत करून घेतं आणि त्या गैरसमजावर अर्धा तास निघतो. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण रोपर बाई नवऱ्याच्या थंडपणाबद्दल येता-जाता टोमणे मारतात, ते वेगळंच. यातलं भलतंच काढून टाका, मालिकेत उरतं काय? घरभाडं.

आणि ‘साइनफेल्ड’. नोव्हेंबर १९९२मध्ये दाखवलेल्या ‘द कॉन्टेस्ट’ या भागात चार मित्रमैत्रिणी हस्तमैथुनाशिवाय कोण जास्त काळ राहतो यावर पैज लावतात. तो शब्द मात्र संपूर्ण भागात एकदाही येत नाही. तो टाळण्याच्या कसरतीतच सगळी गंमत आहे, आणि या लेखनासाठी लॅरी डेव्हिडला एमी पुरस्कार मिळाला. योग्यच मिळाला. पण ज्या मालिकेचा बहुधा सर्वांत नावाजलेला भाग हस्तमैथुनावर आहे, तिच्या पावित्र्याच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी ती नीट पाहिली नसावी. ही निर्मळता जाहिरातदारांसाठी होती. साबण आणि सिगारेट विकणाऱ्यांना संध्याकाळच्या घरात अवघडलेली शांतता नको होती, म्हणून शरीराला सोवळं नेसवून सोफ्यावर बसवलं गेलं. पॉर्नवाल्यांनी ते सोवळं फेडलं, बाहेरून नवं काही आणलं नाही.

एका ठिकाणी मात्र मी विरोधकांच्या बाजूचा आहे. ‘नॉट द ब्रेडीज’ने जिची नक्कल केली, त्या ‘द ब्रेडी बंच’च्या केंद्रस्थानी सहा मुलं आहेत. मुलांच्या पात्रांना अशा चित्रपटात ओढणं, मग भूमिका करणारे नट कितीही प्रौढ असोत, मला समर्थनीय वाटत नाही. तिथे विडंबनाचा युक्तिवाद मी करणार नाही.

आता दरोड्याचा आरोप. या वादाचा कायदेशीर पाया एका गाण्यामुळे पक्का झाला. रॉय ऑर्बिसनच्या ‘ओह, प्रिटी वुमन’चं ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाने ओबडधोबड, अचकट विचकट विडंबन केलं. हक्कदार कंपनी कोर्टात गेली आणि १९९४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की विडंबन पैशासाठी केलं एवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांच्या निकालपत्रातले दोन मुद्दे इथे फार कामाचे आहेत. मूळ कृतीवर बोट ठेवायचं तर तिच्यातलं काही उचलावंच लागतं. दुसऱ्याच विषयावर टीका करण्यासाठी तिचा खांदा वापरणाऱ्याला मात्र तेवढी मोकळीक नाही. आणि विडंबन सुरुचिपूर्ण आहे की नाही, हे पाहणं न्यायालयाचं काम नव्हे. नुकसानीचा हिशेबही त्यांनी स्वच्छ मांडला. टिंगल झाल्यामुळे मूळ कृतीची किंमत उतरली तर तो कॉपीराइटचा भंग नाही. नकलेने मूळ कृतीचं गिऱ्हाईक पळवलं, तरच प्रश्न येतो. ‘साइनफेल्ड’ पाहायला बसलेला माणूस दुकानदाराने चुकून पॉर्न दिलं म्हणून तेवढ्यावर समाधान मानून घरी गेला, असं कधी झालंय का?

विरोधक १९७९चा दाखला काढतात. ‘डेबी डझ डॅलस’ या पॉर्न चित्रपटात डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाच्या चीअरलीडर्ससारखा पोशाख वापरला होता. त्या खटल्यात अपील न्यायालयाने चित्रपटाविरुद्धची तात्पुरती मनाई कायम ठेवली. खरं आहे. पण तो वाद ट्रेडमार्कचा होता, पोशाख जाहिरातीत मिरवला होता, आणि प्रेक्षकाच्या मनात हा चित्रपट आणि त्या चीअरलीडर्स यांची सांगड बसेल अशी न्यायालयाची चिंता होती. नंतरच्या लाटेने हा धडा शीर्षकातच गिरवला. हसलर कंपनीच्या चित्रपटांची नावंच ‘धिस एन्ट हॅपी डेज’, ‘धिस एन्ट द मन्स्टर्स’ अशी होती: आम्ही ते नव्हे बरं का, हे पहिल्या दोन शब्दांत सांगून मोकळे. ‘स्टार वॉर्स’ची कामुक व्यंगचित्र-नक्कल असलेल्या ‘स्टारबॉल्झ’विरुद्ध लुकासफिल्मने मागितलेली तात्पुरती मनाईही २००२मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने नाकारली. मर्यादा नाही असं नाही. ‘एअर पायरेट्स’ या कॉमिकच्या चित्रकारांनी मिकी माउसला जसाच्या तसा उचलून व्यसनांत आणि संभोगात गुंतवलं, तेव्हा १९७८मध्ये न्यायालयाने जरुरीपेक्षा जास्त उचललं म्हणून डिस्नीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे किती उचललं आणि कशासाठी, हे पाहिलं जातं. किती कपडे उतरले, हे नाही.

इथवर या चित्रपटांचं वकीलपत्र घेतलं, ते आता थोडं बाजूला ठेवतो, कारण त्यांच्या समर्थकांनाही चार शब्द सुनावायला हवेत. मध्यमवर्गीय ढोंगावरचा हा घणाघात आहे, असा एक सूर अभ्यासकी लेखांतून लागतो. घणाघात वगैरे काही नाही. ही लाट आली ती धंद्याच्या गरजेपोटी. २००६-०७मध्ये यूपॉर्न आणि पॉर्नहब सुरू झाले, फुकटच्या तुकड्यांनी इंटरनेट भरलं आणि डीव्हीडी विकणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. फुकटात न मिळणारं असं त्यांच्याकडे काय उरलं? कथा, नेपथ्य आणि ओळखीचं नाव. मालिकेचं नाव घेतलं की एरवी या धंद्याकडे ढुंकूनही न पाहणारी वर्तमानपत्रंसुद्धा कुतूहलाने बातमी छापत.

यातला खरा विनोद निर्मात्यांच्या ध्यानात आला की नाही, कोण जाणे. या चित्रपटांची कुठेही दाखवता येतील अशी सभ्य ट्रेलर निघत आणि ती लोक हसत हसत एकमेकांना पाठवत. नक्कल करणारे नट, मूळ मालिकेच्या लकबी, संवादांची फिरवाफिरव हे सगळं त्या दोन-तीन मिनिटांत असे. उलट चित्रपट चोरून फुकट साइटवर चढवला जाई, तेव्हा नेमका हाच भाग कापला जाई आणि फक्त प्रणयदृश्यं उरत. ती दुसऱ्या कुठल्याही पॉर्नपटातल्या दृश्यांपासून वेगळी ओळखू येत नसत. बाजाराने स्वतःच विडंबन एका भांड्यात आणि पॉर्न दुसऱ्या भांड्यात काढून ठेवलं. दोन्ही एकजीव झालेली असती तर असं सहजी वेगळं करता आलं नसतं.

इथेच तिसऱ्या आक्षेपातलं तथ्य आहे. हे चित्रपट विडंबन म्हणून फसतात ते अश्लील आहेत म्हणून नाही. मालिकेने जे झाकलं होतं तिथवर पोचून ते थांबतात, आणि झाकलं का होतं हे विचारत नाहीत. आपल्याकडे अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’त रविकिरण मंडळाच्या कवींची टर उडवली, तेव्हा त्या कवितेची मोडणी कुठे पोकळ आहे हे त्यांना अचूक ठाऊक होतं. तेवढी जवळीक इथे क्वचितच दिसते. ‘द ऑफिस’चंच घ्या. त्या मालिकेचं गृहीतकच असं, की एक कॅमेरा वर्षानुवर्षं कर्मचाऱ्यांच्या खासगी क्षणांत घुसतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. पॉर्न बनवणाऱ्याला याहून मोठं घबाड कुठलं हवं? पाहणारा कोण, पाहू देणारा कोण, आणि दोघांना त्यात मिळतं काय, हे प्रश्न आयते समोर होते.

ते कसे विचारायचे, हे एका नाटकाने दाखवलं, आणि ते पॉर्न नव्हे. डेव्हिड ॲजमी यांचं ‘थ्रीसी’ २०१२मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं. तेच ‘थ्रीज कंपनी’चं घर, तीच तीन माणसं. पण इथला तरुण सोंग करत नाही. तो खरोखर समलैंगिक आहे आणि ते सांगू शकत नाही. मूळ मालिकेत ज्या टोमण्यांवर प्रेक्षक खदखदून हसत, ते इथे त्याच्या अंगावर वळ उठवत जातात. मालिकेच्या हक्कदार कंपनीने नाटकाविरुद्ध नोटीस धाडली. २०१५मध्ये न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांनी नाटकाच्या बाजूने निकाल दिला. जोपर्यंत जॅकचं सोंग हा फक्त विनोद होता, तोपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. त्या सोंगाला किंमत मोजावी लागते हे कोणी दाखवलं, तेव्हा वकील आले. त्या मानाने पॉर्नपटांकडे मोठ्या स्टुडिओंनी बहुतेक वेळा काणाडोळाच केला. मला यात थोडा अपमान दिसतो, स्टुडिओंचा नव्हे, त्या चित्रपटांचा. जे कोणालाच टोचत नाही, त्याला विडंबन म्हणून मान कशाला द्यायचा?

तरीही फसलेल्या विडंबनालाही कायद्याचं संरक्षण हवंच, कारण फसलेल्यांना तुरुंग ठेवला तर साधलेलं जन्मालाच येणार नाही. या मांडणीवर हल्ली हमखास येणारी शंका अशी, की मग डीपफेकलाही हेच लागू का? मुळीच नाही. २००९च्या ‘साइनफेल्ड’च्या नकलेत टोप घालून उभा असलेला माणूस स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्या संमतीने, मोबदला घेऊन काम करत होता. टिंगल व्हायची ती जेरी नावाच्या पात्राची. संगणकाने एखाद्या अभिनेत्रीचा चेहरा परक्या शरीरावर चिकटवला की पात्र उरतच नाही. एक जिवंत बाई उरते, जिला कोणी विचारलेलं नाही. मे २०२५मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या ‘टेक इट डाउन’ कायद्याने अशी कृत्रिम चित्रं जाणूनबुजून प्रसिद्ध करणं गुन्हा ठरवलं आणि तक्रार आल्यापासून ४८ तासांत ती काढून टाकण्याचं बंधन संकेतस्थळांवर घातलं. त्या क्लिपवर ‘पॅरडी’ असं कितीही ठळक लिहिलं, तरी माझ्या लेखी तिचा या लेखातल्या चित्रपटांशी काही नातेसंबंध नाही.