वरची माडी रिकामीच का?

जून महिना सरत आला की वऱ्हाडातील दोन्ही मोठ्या शहरांत घरांचा शोध सुरू होतो. उन्हाच्या तापामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. महाविद्यालयांचे प्रवेश याच सुमारास मार्गी लागतात आणि सरकारी नोकरांच्या उन्हाळी बदल्यांचे हुकूमही तोवर हाती पडलेले असतात. मग दर्यापूर, अचलपूर, धारणीकडची मुलेमुली अमरावतीत आणि अकोट, बाळापूर, मूर्तिजापूरकडची अकोल्यात गल्लोगल्ली फिरू लागतात. कुणाबरोबर वडील असतात, कुणाबरोबर मामा. फाटकापाशी थांबून एकच प्रश्न विचारला जातो : ‘वरची खोली किरायाने द्यायची आहे काय?’ आणि पुष्कळदा वरच्या मजल्यावरचे कुलूप दिसत असतानाही उत्तर मिळते : ‘नाही बा, आम्ही किरायादार ठेवत नाही.’

हे कुलूप कशाचे आहे, याचा विचार दोन्ही शहरांतील सुशिक्षित घरमालकांनी आता शांतपणे करावा, असे आम्हांस वाटते.

ज्या वस्त्यांत हा शोध चालतो, त्या फार जुन्या नाहीत. अमरावतीचे जुने गाव परकोटाच्या आत होते. अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम तीरावर. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत नोकरपेशा कुटुंबांनी बाहेर पाऊल टाकले. अमरावतीत रुक्मिणीनगर, राठीनगर, गाडगेनगर, अकोल्यात जठारपेठ, रणपिसेनगर, तापडियानगर अशा वस्त्या वाढत गेल्या. शिक्षक, कारकून, वकील, तहसिलीतील अव्वल कारकून अशा माणसांनी भविष्यनिर्वाह निधीतून आणि सहकारी पतसंस्थेच्या कर्जातून भूखंड घेतले. पुढे अंगण, मागे विहीर, कोपऱ्यात कडुनिंब अशी घरे बांधली. हातात पैसा आला तसा वर एक मजला चढवला. तो चढवताना हिशेब साधा होता : आज किराया येईल, उद्या मुलाचा संसार तेथे थाटेल. मुले मात्र पुण्यास, बंगळूरास आणि काही तर साता समुद्रापलीकडे गेली. खाली दोन वृद्ध जीव उरले आणि वर कुलूप लागले.

हे केवळ आपल्या दोन शहरांचेच दुखणे नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लक्ष घरे रिकामी आढळली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने नागरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लक्ष सांगितली. १९६१ साली नागरी कुटुंबांपैकी शेकडा ५४ भाड्याच्या घरात राहत असत. २०११ साली हे प्रमाण शेकडा २८ वर आले. स्वतःची घरे वाढली, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु शिकायला आलेल्या मुलास किंवा बदलीवर आलेल्या परिचारिकेस विकत घेण्याचे घर नको असते. तिला दोन-चार वर्षांचा निवारा हवा असतो. तो निवारा आक्रसत चालला, तर गावाबाहेर पडून वर येऊ पाहणाऱ्याची वाट अडते. या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

घरमालकास विचारले तर तो सांगतो : ‘किरायादार एकदा आत शिरला की निघत नाही.’ ही भीती खोटी नाही, पण ती शिळी आहे. तिचा उगम समजून घेतला पाहिजे. भाडेनियंत्रण हे युद्धाचे अपत्य आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ग्लासगोच्या कामगार स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले आणि ब्रिटिश पार्लमेंटला त्याच वर्षी भाडे रोखणारा कायदा करावा लागला. मुंबईत तसा कायदा १९१८ साली आला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली, फाळणीने निर्वासितांचे लोंढे आले, आणि आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४६ च्या कायद्यान्वये १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. त्या आदेशानुसार घर रिकामे झाले की मालकाने सरकारास कळवावे, आणि सरकारने ते निर्वासितास वा सरकारी नोकरास द्यावयास लावावे, अशी तरतूद होती. घर सोडण्याची नोटीस द्यावयाची तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी. ती मिळाल्यावर दिवाणी न्यायालयात वेगळा दावा. एका घरासाठी दोन दारांत उभे राहावे लागे आणि वर अपिले असतच. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी वऱ्हाडात हाच आदेश चालू राहिला. त्या काळी त्याची गरज होती, हे नाकारता येणार नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या हजारो माणसांना त्याने आधार दिला. पण अर्धशतक चाललेल्या त्या व्यवस्थेत ज्यांचे वडील कोर्टाच्या पायऱ्या झिजवून थकले, त्या घरांत ती धास्ती वारशाने उतरली.

तथापि हा आदेश आज अस्तित्वात नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांत अद्याप पोचलेली दिसत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि त्याने मुंबईचा, वऱ्हाडाचा व मराठवाड्याचा असे तिन्ही जुने कायदे रद्द केले. या अधिनियमात राहण्यासाठी परवान्याने, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराने, दिलेल्या घराविषयी स्वतंत्र व्यवस्था आहे. मुदत संपताच रहिवाशाने घर सोडले पाहिजे. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करून मालकास ताबा मागता येतो, आणि जितके दिवस तो अधिक राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरल्या रकमेच्या दुपटीने द्यावी लागते. लेखी करारात जे लिहिले असेल ते निर्णायक पुरावा म्हणून धरले जाते. मालकास याहून अधिक संरक्षण कोणते हवे?

पण येथेच आपल्या सुशिक्षितांचे एक प्रिय अज्ञान आड येते. ‘अकरा महिन्यांचा कागद केला की नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आपण बापजाद्यांच्या म्हणीसारखे उच्चारतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची होती. त्या पळवाटेतून अकरा महिन्यांचा जन्म झाला. १९९९ च्या अधिनियमाने ती पळवाट बुजवली. मुदत कितीही असो, करार लेखी हवा व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे हे की, नोंदलेला कागद नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या ठरवण्याचे ओझे मालकावर पडते. म्हणजे जो मालक भीतीपोटी कागद टाळतो, तो ज्या संकटास भितो त्यासच दार उघडून देतो. आणि हे सारे वाचवून वाचते काय? एकूण भाड्याच्या शेकडा पाव मुद्रांक शुल्क आणि महापालिका क्षेत्रात एक हजार रुपये नोंदणी शुल्क. आता ही नोंदणी घरबसल्या संगणकावरूनही करता येते.

या बिनकागदी व्यवहाराची दुसरी बाजू किरायादाराला भोगावी लागते. तोंडी ठरलेले भाडे तोंडीच वाढते. पावती मागितली की मालकाच्या कपाळास आठी पडते. वस्तुतः मिळालेल्या रकमेची पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. अनामत परत देताना भिंतीवरचा प्रत्येक खिळा मोजला जातो. काटेपूर्णेचे पाणी अकोल्यात काही दिवसांआड येते. उन्हाळ्यात टाके आटले की पहिला नळ वरच्या मजल्याचा बंद होतो. भाडेकरूचे पाणी किंवा वीज अशी तोडण्यास कायद्याने मनाई आहे, हे दोघांसही ठाऊक नसते. आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर ‘पुढल्या महिन्यात खोली खाली करा’ असे सांगितले गेले, तर अठरा वर्षांच्या मुलीने कोणता कागद दाखवावा? ज्या घरात आपण उद्या असू की नाही याची खात्री नाही, तेथे माणूस राहतो खरा. पण त्याचे चित्त थाऱ्यावर राहत नाही.

काहीजण म्हणतील, कागद आला की घरोबा गेला. पूर्वी किरायादाराच्या मुलीचे लग्न मालकाच्या अंगणात होई, आता वकिलाची भाषा कशाला? या आक्षेपात एक हळवे सत्य आहे. त्याचा उपहास आम्ही करणार नाही. परंतु आम्हांस असे विचारावेसे वाटते की, आपण सख्ख्या भावांतही वाटणीपत्र करतो, ते प्रेम आटले म्हणून की टिकावे म्हणून? रक्कम, मुदत, अनामत, पाणी, वीज यांचा निकाल एकदा कागदावर लागला म्हणजे उरलेल्या संबंधांत घासाघीस राहत नाही. सणाला पुरणपोळी वर पाठवण्यास कोणताही करार आडवा येत नाही.

याहून अवघड एक कुलूप आहे आणि त्याची किल्ली कोणत्याही नोंदणी कार्यालयात मिळत नाही. खोली पाहायला आलेल्यास पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. आडनावाने समाधान झाले नाही तर गाव, गावावरून वाडा, आणि शेवटी ‘तुमच्यात खाणेपिणे कसे?’ एकटी नोकरी करणारी स्त्री असेल तर चौकशी आणखी लांबते. मुसलमान असेल तर बहुधा ती सुरूच होत नाही. उत्तर सभ्यच असते : ‘कालच दिली हो खोली.’ डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशचे उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहण्यास घर मिळाले नाही आणि पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले, हे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. आपण तो प्रसंग जयंतीच्या भाषणात सांगतो, सभागृह गहिवरते, आणि घरी परतून आडनाव विचारतो. अंबादेवीच्या मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९२७ साली अमरावतीत परिषद भरली व तिचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले. ज्या नगरीत देवीच्या दाराचा प्रश्न इतक्या आधी विचारला गेला, तेथे स्वतःच्या दाराचा प्रश्न विचारण्यास आपण शंभर वर्षे घेत आहोत. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास अडथळा करणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण ‘कालच दिली’ म्हणणाऱ्याच्या मनातला हेतू कोणता पोलीस शोधून काढणार? तेथे साक्षीदार आपला आपणच.

यावर ‘वस्तीची शांतता बिघडेल’ असे उत्तर ठरलेले असते. रात्री मोठ्याने गाणी लावू नयेत, दहानंतर फाटक वाजवू नये, ही अपेक्षा रास्तच आहे आणि ती सर्वांकडून सारखी करता येते. परंतु शांतता निराळी आणि सामसूम निराळी. ज्या गल्लीत दहांपैकी चार माड्या बंद आहेत, रात्री म्हाताऱ्यांची छाती दुखली तर हाक मारण्यास शेजारी तरुण माणूस नाही, त्या गल्लीतल्या निवांतपणाचा अभिमान कोणी धरावा?

म्हणून आमच्या सूचना थोड्या व स्पष्ट आहेत. घरमालकांनी या हंगामात करार नोंदवूनच घर द्यावे, पण द्यावे. २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांकडे पाठवलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे म्हटले आहे. कायद्याची सक्ती येण्याची वाट न पाहता हा दंडक आपण रूढी म्हणून स्वीकारावा. विद्यार्थ्यास दिलेल्या घराची मुदत शैक्षणिक वर्षाच्या अखेरीशी जुळवावी, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत कोणावर बिऱ्हाड हलवण्याची पाळी येणार नाही. भाडेकरूंनी मुदत संपताच विनातक्रार घर सोडावे. एका हट्टी भाडेकरूमुळे त्याच्यामागून येणाऱ्या दहाजणांची दारे बंद होतात, हे त्यांनी विसरू नये. महाविद्यालयांनी आणि दोन्ही विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी नोंदणीकृत घरांची यादी ठेवावी आणि प्रवेशाच्या वेळीच कराराचा सोपा मराठी नमुना हाती द्यावा. महापालिकांनीही हे पाहावे की, भाडे उघडपणे दाखवणाऱ्या प्रामाणिक मालकास कराच्या वाढीची शिक्षा आणि लपवणाऱ्यास सूट, असा उलटा न्याय आपल्या आकारणीत होत नाही ना.

अमरावतीच्या ज्या भागात विद्यार्थी खोल्या शोधत हिंडतात, त्यांपैकी एकाचे नाव गाडगेनगर आहे. तेथे ज्यांची समाधी आहे, त्या गाडगेबाबांनी वाटसरूंसाठी, गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी घर मात्र बांधले नाही. इतका त्याग आपल्यापैकी कोणाकडे मागण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यांचे नाव पाटीवर लावलेल्या वस्तीत, भाडे मोजून द्यावयास तयार असलेल्या मुलास आडनावापायी किंवा जुन्या धास्तीपायी माघारी जावे लागू नये, इतकी अपेक्षा करणे अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही. शाळा-महाविद्यालये उघडत आहेत. वरच्या माडीची किल्ली खाली दिवाणखान्यातच कोठेतरी खुंटीला टांगलेली आहे.