अकरा हजार सहाशे आठ

२०२४मध्ये भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं. कमला हॅरिस हरल्या. डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आले. तिकडच्या आमच्या अनेक वाचकांना तो निकाल जिव्हारी लागला. दारोदार फिरलो, फोन केले, पदरचे पैसे घातले, शेवटी काय मिळालं, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात अजून येतो. काहींनी तर बातम्या बघणंच सोडलं आहे.

हे संपादकीय त्यांच्यासाठी. कोण जिंकायला हवं होतं यावर वाचकांत मतभेद असतील, असावेतही. पण हरलेल्यांनी दार लावून घरात बसावं, हे कुठल्याच लोकशाहीला परवडणारं नाही. महिना-दोन महिने वाईट वाटून घ्यावं, झोप काढावी, मित्रांशी भांडावं. त्यानंतर मात्र जवळचं काम शोधावं.

जवळचं म्हणजे कुठलं, हे व्हर्जिनियात बघायला मिळालं. ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले त्या २०१६च्या निकालानंतरही असंच सुतक पसरलं होतं. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची निवडणूक मात्र विषम वर्षी असते, त्यामुळे चार वर्षं थांबायची गरजच पडली नाही. कनिष्ठ सभागृहाच्या १०० जागांपैकी हॅरिस यांच्या डेमोक्रॅट पक्षाकडे जेमतेम ३४ होत्या. जिथे एरवी त्या पक्षाचा उमेदवारही नसायचा, अशा कितीतरी ठिकाणी २०१७मध्ये माणसं उभी राहिली.

त्यातला न्यूपोर्ट न्यूजचा ९४वा मतदारसंघ. स्थानिक शाळा मंडळाच्या सदस्य शेली सायमंड्स विरुद्ध रिपब्लिकन आमदार डेव्हिड यान्सी. पहिल्या मोजणीत यान्सी १० मतांनी पुढे. फेरमोजणीत सायमंड्स एका मताने पुढे. मग एका मतपत्रिकेवरून वाद झाला. मतदाराने दोन्ही नावांपुढचे गोल भरले होते आणि सायमंड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ मारली होती. तीन न्यायाधीशांनी ते मत यान्सींच्या पदरात टाकलं. दोघांना ११,६०८! ४ जानेवारी २०१८ला रिचमंडमध्ये कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन डब्यांत दोघांची नावं घालून ते एका भांड्यात ठेवले आणि चिठ्ठी काढली. यान्सींचं नाव निघालं. सभागृह ५१ विरुद्ध ४९ राहिलं, बरोबरी हुकली.

त्या मतदारसंघात ‘माझ्या एका मतानं काय होणार’ म्हणून घरी राहिलेली माणसं किती असतील! त्यांच्यातलं कुणीही एक बाहेर पडलं असतं, तर चिठ्ठीची वेळच आली नसती.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. बहुमत नव्हतं तरी ३४चे ४९ झाले होते आणि समोरच्या बाकांनी त्याची दखल घेतली. गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची, मेडिकेडची, व्याप्ती वाढवण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं तिथे अडला होता. तो २०१८मध्ये काही रिपब्लिकन आमदारांच्याही मतांनी मंजूर झाला. १ जानेवारी २०१९पासून सुमारे चार लाख माणसं त्या विम्याला पात्र ठरली. हरलेल्या निवडणुकीतून हे आलं. सायमंड्स २०१९मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्यांच्या पक्षाला बहुमतही मिळालं.

कॅलिफोर्नियात किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्याला अध्यक्षपदासाठी दिलेलं आपलं मत वाहून गेल्यासारखं वाटतं, आणि तिथली निवडणूक पद्धत पाहता ते स्वाभाविक आहे. पण शाळा मंडळावर कोण बसणार, हे मोजक्या मतांवर ठरू शकतं. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना मत नाही, उमेदवाराला देणगी देण्याचीही मनाई आहे. तरी मुलांच्या शाळेबद्दल मंडळाच्या बैठकीत उठून बोलायला नागरिकत्व लागत नाही. तिथे जाऊन बसा, बोला.

आणि व्हर्जिनियातल्या वाचकांनो, २०२५मध्ये राज्यपालपदासह सभागृहाच्या शंभरही जागांसाठी ४ नोव्हेंबरला मतदान होतं. फराळाचे डबे पोचवायला शेजारी जालच, तेव्हा पुढच्या वेळी ते मत देणार का, तेही विचारून या.