बटव्यावर नाव कुणाचं?

बार्शीच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. काठापदराचे बटवे, मण्यांची तोरणं, रुखवतात मांडायच्या वस्तू असं बरंच काही त्या घरी करतात. आजवर संक्रांतीचं वाण आणि महिला मंडळाचं प्रदर्शन एवढ्यावर भागलं. "अमक्यांच्या सूनबाईंचे बटवे" ही ओळख पुरे होती. आता सोलापूरच्या एका दुकानदाराने पन्नास बटवे मागितलेत आणि आत नावाची पट्टी शिवून हवी म्हणतो. झालं! सासऱ्यांना कुलदैवताचं नाव हवं, यजमानांना चिरंजीवांचं, आणि नणंदबाईंचा हट्ट की काहीही ठेवा, पुढे 'क्रिएशन्स' पाहिजे. "ताई, यातलं कोणतं नाव लाभेल?" असा त्यांचा प्रश्न आहे.

लाभण्याचं ज्योतिषाला विचारावं. मला पत्रात वेगळंच दिसलं. सगळ्यांच्या पसंतीची नावं त्यांनी लिहिली आहेत, स्वतःच्या पसंतीचं मात्र चार पानांत कुठेच नाही.

नवलही नाही म्हणा. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, घराच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून आपलंच नाव बदललं जायचं. काही घरांत अजूनही जातं. नावं ठेवायला सगळं गाव असतं, नाव ठेवायची पाळी बाईवर क्वचित येते. ती आली आहे तर सोडू नये, असं माझं मत.

लिज्जतचंच बघा ना. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. नाव ठरलं ते १९६२ मध्ये, स्पर्धा घेऊन. बक्षीस होतं पाच रुपये! 'लिज्जत' हा शब्द त्यातून निवडला गेला, म्हणजे चव, रुचकरपणा. त्यात कुणाचं आडनाव नाही, गल्लीचं नाव नाही, आणि 'पापड' हा शब्दही नाही. म्हणून पुढे मसाले आले तरी तेच नाव चाललं.

हे शेवटचं महत्त्वाचं. नावातच 'बटवा' घातलात की उद्या गोधड्या आणि पडदे शिवायला घेतलेत तर अडचण. तसंच 'सुंदर', 'सुबक', 'हस्तकला' ही नावं. गोड आहेत, पण कुणाचीही आहेत. वस्तूचं नुसतं वर्णन किंवा स्तुती करणाऱ्या शब्दाला व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी सहसा मिळत नाही. देवाधर्माच्या नावांचंही तसंच. 'रामायण' हा शब्द उदबत्तीसाठी आपल्या एकट्याचा म्हणून कुणाला मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव धंद्याला वापरण्यावर तर १९५० च्या कायद्याचंच बंधन आहे. आणि पैठणी, वारली, कोल्हापुरी या शब्दांच्या वाटेला जपून जावं. त्यांना भौगोलिक मानांकन आहे (कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं). यंत्रावर छापलेल्या कापडाला 'वारली' नाव देणं त्या कारागिरांवर अन्याय तर आहेच, शिवाय कायद्यातही अडकायला होईल.

मग ठेवावं काय? आजीचं घरातलं नाव, माहेरच्या नदीचं नाव, शिवणातला एखादा शब्द, स्वतःचं लग्नाआधीचं नाव. तीनेक नावं निवडा आणि दोन परीक्षा घ्या. पहिली, फोनवर सांगून बघा. पलीकडच्या बाईला दोनदा विचारावं लागलं तर ते नाव बाद. दुसरी, इंग्रजी अक्षरांत लिहून शेजारच्या मुलाला वाचायला द्या. 'कला' लिहावं तर तो 'काळा' वाचतो, 'माला' लिहावं तर 'मला', आणि 'टाका' हे सुरेख नाव 'ताका' होतं! हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतच नाव शोधतं, म्हणून हे बघायचं. पट्टीवर मात्र मराठी अक्षरं ठळक असू द्या.

तिन्हीतलं एक ठरलं की ते आधी कुणी घेतलेलं नाही ना, ते पाहावं. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध फुकट घेता येतो. तिथे वस्तूंचे वर्ग पाडलेले आहेत: पिशव्या-बटवे अठराव्या वर्गात, गोधड्या-चादरी चोविसाव्यात, कपडे पंचविसाव्यात. उच्चाराने जवळची नावंही तपासा. 'रेशीम' नसलं तरी 'रेशिमा' असेल. एकट्या व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. पन्नास बटव्यांसाठी लगेच हा खर्च करा असं मी म्हणणार नाही. नावापुढे 'टीएम' ही अक्षरं नोंदणीआधीही लावता येतात. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा ठरतो.

आता खरी गोष्ट. पट्टीवर कुणाचं नाव, यापेक्षा कागदावर कुणाचं, हे अधिक पाहायला हवं. 'उद्यम' नोंदणी २०२० पासून सुरू आहे, तिला पैसे पडत नाहीत. फी मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. या नोंदणीला मालकाचं आधार आणि पॅन लागतं. "तुला कशाला बँकेत हेलपाटे, मी करतो सगळं" असं यजमान प्रेमाने म्हणतील, आणि आधार त्यांचंच जोडलं जाईल. मग बटवे तुम्ही शिवायचे आणि धंदा त्यांचा! चालू खातं उघडताना बँक उद्योगाच्या नावाचा पुरावा मागते. तो कागद तुमच्या नावाचा असेल तर खातंही तुमचं, आणि पुढे कर्ज मागायला गेलात तर व्यवहार तुमचाच दिसेल. व्यापारचिन्हाचा अर्जही ज्याच्या नावाने जातो, नाव त्याचंच होतं. भांडण करून हे मागायचं नाही. सुरुवातीलाच आपलं आधार कार्ड घेऊन बसायचं.

सासऱ्यांचं मन राखायला सोपा मार्ग आहे. बिलबुकाच्या माथ्यावर कुलदैवताचं नाव आणि पुढे 'प्रसन्न' छापायची आपली रीतच आहे. तो मान त्यांच्या हातून होऊ द्या. चिरंजीवांचं म्हणाल तर त्याच्या पाठीवरची बहीण चौथीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. "दादाचंच का?" या तिच्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावं लागेल. नणंदबाईंना चित्रकला येते ना? मग अक्षरं काढायचं काम त्यांच्याकडे द्या.

आणि एकदम हजार विणलेल्या पट्ट्यांची ऑर्डर देऊ नका. पन्नास बटव्यांपुरतं नाव साखळी टाक्याने हातानेच भरता येईल, एका पट्टीला फार तर पाव तास. तेवढ्यात नाव जड वाटलं, लांब वाटलं तर बदलायला मोकळ्या. पट्टी अस्तराच्या शिवणीत घाला, वरून चिकटवू नका. पहिल्याच धुण्यात निघते.