धुराचा जमाखर्च

आपल्या देशातील मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना गेल्या काही वर्षांत एक नवे प्रकरण जोडले गेले आहे. संचालकांचे निवेदन, ताळेबंद, नफातोटा पत्रक यांच्या जोडीला कंपनीने वर्षभरात किती वीज वापरली, किती पाणी उपसले, किती टन कर्बवायू हवेत सोडला, किती घातक कचरा निर्माण झाला आणि त्याचे पुढे काय झाले, याची लांबलचक कोष्टके त्यात असतात. बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना असे विवरण देणे ‘सेबी’ने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सक्तीचे केले. पुढे जुलै २०२३ मध्ये त्यातील महत्त्वाच्या आकड्यांची बाहेरच्या तपासनिसाकडून खातरजमा करून घेण्याचा नियम आला. प्रथम पहिल्या १५० कंपन्या आणि २०२६-२७ पर्यंत सर्व १,००० कंपन्या, असा त्याचा क्रम तेव्हा ठरला. ज्या धुराची मोजदाद आजवर फक्त शेजारच्या वस्तीतील माणसांच्या खोकल्यात होत होती, तो धूर आता कीर्दखतावणीत चढू लागला आहे. ही घटना लहान नाही. तथापि हा जमाखर्च कोण लिहितो, कोण तपासतो आणि कोण वाचतो, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ठरवता येणार नाही.

या कोष्टकांच्या मागे कंपनीच्या संगणकात एक माहितीव्यवस्था उभी असते. तिचे तत्त्व सोपे आहे. कारखान्याची विजेची बिले, डिझेल व कोळशाच्या खरेदीच्या पावत्या, पाण्याच्या मीटरची नोंद, कचरा उचलणाऱ्याची चलने हे सारे कागद हिशेबखात्यात येतच असतात. ते पैशासाठी येतात, पण त्यांवर पैशाबरोबर प्रमाणही लिहिलेले असते. हे प्रमाण वेगळे काढायचे आणि ठरलेल्या गुणकाने गुणायचे, की प्रदूषणाचा आकडा हाती येतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे पावणेतीन किलो कर्बवायू निघतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे देशाच्या जाळ्यातून घेतलेल्या एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू पडतो. म्हणजे वर्षाला दहा लाख युनिट वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या नावे सुमारे ७०० टन लिहिले जातात. यासाठी कोणी धुराड्यावर चढत नाही. हिशेबनिसाच्या टेबलावरच सारे होते.

कर्बवायूच्या बाबतीत ही रीत चालते, कारण इंधन किती जळले यावरून तो बऱ्याच अचूकपणे काढता येतो. पण धुळीचे कण, गंधकाची वा नत्राची संयुगे, सांडपाण्यातील विषारी द्रव्ये यांचे तसे नाही. ती किती बाहेर पडली हे बिलावरून कळत नाही. गाळणी चालू होती की वीज वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवली होती, यावर ते अवलंबून असते. ते मोजावे लागते. एकाच कोष्टकात शेजारीशेजारी छापलेल्या दोन आकड्यांपैकी एक पावतीवरून काढलेला आणि दुसरा वर्षातून चार-दोन वेळा घेतलेल्या नमुन्यावरून अंदाजलेला असतो. दशांश चिन्हापुढे अंक मात्र दोन्हींत सारखेच असतात. ज्यांनी कचेरीत पत्रके भरली आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको. रकाना रिकामा ठेवता येत नाही, आणि गेल्या वर्षीचा आकडा थोडा इकडेतिकडे करून यंदा बसवण्याचा मोह कोणत्याही खात्यात नवा नाही.

याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे भागाकार. या विवरणात एकूण उत्सर्जनाबरोबर उलाढालीमागे किती उत्सर्जन झाले तेही द्यावे लागते, आणि कंपन्यांच्या जाहिरातींत झळकतो तो बहुधा हा दुसरा आकडा. समजा, एका कंपनीने शंभर कोटींच्या उलाढालीत १०,००० टन कर्बवायू सोडला. दुसऱ्या वर्षी मालाचे भाव चढले, उलाढाल १२० कोटी झाली आणि वायू १०,५०० टन. कोटीमागे १०० टनांचे प्रमाण ८७.५ वर आले. साडेबारा टक्के सुधारणा झाली, असे कंपनी म्हणेल आणि त्यात असत्य काही नसेल. आकाशात मात्र पाच टक्के अधिक वायू गेलेला असेल. उत्पादनाच्या टनामागे किती, हे विचारले तर भाववाढीचा हा आधार सुटतो. म्हणून विवरण वाचणाऱ्याने प्रथम भाजक कोणता आहे ते पाहावे.

दुसरा भागाकार जमिनीचा आहे. एकाच कंपनीचे वीस कारखाने वीस ठिकाणी असतात आणि विवरणात त्यांची बेरीज येते. भागधारकाला बेरीज पुरते. पण कारखान्याच्या नाल्याकाठी ज्याची विहीर आहे, त्या शेतकऱ्याला त्या बेरजेचा काय उपयोग? त्याला एकाच कारखान्याचा आणि शक्य तर त्या आठवड्याचा आकडा हवा असतो. नदीतील मासे वार्षिक सरासरीने मरत नाहीत. एका रात्री सोडलेल्या पाण्याने मरतात. ही सारी व्यवस्था गुंतवणूकदाराची जोखीम समोर ठेवून आखलेली आहे, शेजाऱ्याची नव्हे. ‘सेबी’ ही भांडवल बाजाराची नियामक संस्था आहे, त्यामुळे हा तिचा दोष म्हणता येणार नाही. पण या विवरणाने शेजाऱ्याचेही काम झाले, असे समजणे चुकीचे ठरेल.

शेजाऱ्याला समोर ठेवून माहिती मागण्याची कल्पना ज्या घटनेतून निघाली, ती आपल्याच देशातील आहे. १९८४ च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखांमधील रात्री, भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्या रात्री रुग्णालयात आलेल्या हजारो लोकांवर कोणत्या विषाचा उपचार करायचा, हे डॉक्टरांना माहीत नव्हते. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियामधल्या कारखान्यातून वायुगळती झाली आणि शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये कायदा करून प्रत्येक कारखान्याला ठरावीक विषारी द्रव्यांचे वार्षिक उत्सर्जन जाहीर करण्यास भाग पाडले. कारखानानिहाय, द्रव्यनिहाय आणि कोणालाही पाहता येईल अशी ही नोंदवही होती. तिच्यात प्रदूषण कमी करण्याची सक्ती नव्हती, सांगण्याची होती. पहिले आकडे भरण्याची वेळ आली तेव्हा, १९८८ मध्ये, मोन्सँटो कंपनीचे प्रमुख रिचर्ड महोनी यांनी १९९२ अखेर विषारी वायूंचे उत्सर्जन नव्वद टक्क्यांनी घटवण्याची घोषणा केली. कारखान्यातून काय आणि किती बाहेर जाते, याची एकत्रित बेरीज वरिष्ठांच्या पुढे प्रथमच आली होती, आणि ती उद्या वर्तमानपत्रांत येणार हेही त्यांना दिसत होते.

आपल्याकडे याच धर्तीचे पाऊल पडले नव्हते असे नाही. १९९२ मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती करून संमतिपत्र घेणाऱ्या उद्योगांना दरवर्षी ‘पर्यावरणीय विवरणपत्र’ राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवण्याचे बंधन घातले गेले. नमुना क्रमांक पाच या नावाने ते उद्योगांत परिचित आहे. उत्पादनाच्या एककामागे पाणी व कच्चा माल किती लागला, किती प्रदूषक बाहेर गेले, घातक कचरा किती, हे प्रश्न त्यात तेव्हापासून आहेत. काही बाबतींत ते आजच्या चकचकीत विवरणाहून सरस आहे, कारण ते कारखान्याचे आहे, कंपनीचे नव्हे. पण ते मंडळाच्या फायलीसाठी होते आणि फायलीतच राहिले. पुढे ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषक अशा सतरा वर्गांतील उद्योगांना आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना धुराड्यांवर व सांडपाण्याच्या मुखाशी अहोरात्र चालणारी मोजयंत्रे बसवण्याचा आदेश देण्यास राज्यांना सांगितले. यंत्रातील आकडे थेट मंडळाच्या संगणकात जातात. मात्र जल अधिनियमाप्रमाणे ठरलेल्या रीतीने, सूचना देऊन, सीलबंद करून घेतलेल्या नमुन्याचेच पृथक्करण न्यायालयात ग्राह्य ठरते. त्यामुळे यंत्राने रात्री दोन वाजता केलेली नोंद इशाऱ्यापुरती उरते.

अशा रीतीने एकाच धुराड्याचे तीन हिशेब तीन दप्तरांत पडून असतात. भांडवल बाजाराकडे जाणारी बेरीज एक, मंडळाकडे जाणारे विवरणपत्र दुसरे, यंत्राची अखंड नोंद तिसरी. आयकर खात्याला दाखवलेला नफा आणि बँकेला दाखवलेला नफा ताडून पाहण्याची सोय नसती, तर व्यापारी जगात काय झाले असते याची कल्पना कोणीही करू शकेल. हे तीन हिशेब एकमेकांशी जुळतात की नाही, हे संगणकाला काही क्षणांत सांगता येईल. ते त्याला अद्याप विचारले गेलेले नाही.

आकडा खरा कधी होतो, याचे एक फार बोलके उत्तर गुजरातमधून मिळाले आहे. तेथे उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर प्रदूषणाच्या लेखापरीक्षणाची पद्धत आली. परंतु परीक्षक कारखानदाराने निवडायचा आणि मोबदलाही त्यानेच द्यायचा अशी रचना होती. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्य मंडळाच्या सहकार्याने एक प्रयोग केला. काही कारखान्यांना परीक्षक सोडतीने नेमून दिला, त्याचे शुल्क ठरावीक ठेवून सामाईक निधीतून दिले आणि त्याच्या मोजणीची मधूनमधून फेरतपासणी केली. जुन्या पद्धतीत परीक्षकांचे आकडे कायदेशीर मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने बसलेले आढळले, प्रत्यक्षात धूर मर्यादेहून बराच अधिक असतानाही. नव्या पद्धतीत अहवाल खरे होऊ लागले, आणि पुढची पायरी अशी की, त्या कारखान्यांचे प्रदूषणही घटले. परीक्षकांचे कौशल्य तेच होते, यंत्रेही तीच. पगार कोण देतो एवढाच काय तो बदल.

यंत्रावरच सोपवले की प्रश्न मिटतो, असे मानणाऱ्यांनी फोक्सवॅगनचे प्रकरण आठवावे. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरताच धूर कमी करणारी संगणकप्रणाली त्या कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत बसवली होती. जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. मोजणारे यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याच्या सोयीचे ते बोलते.

उद्योगांची बाजूही ऐकली पाहिजे. मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांकडे असेच तक्ते मागू लागल्या आहेत. पंचवीस माणसांच्या कारखान्याच्या मालकाला हे इंग्रजी तक्ते भरण्यासाठी सल्लागार गाठावा लागतो, आणि तो खर्च मालाच्या दरात कोणी धरून देत नाही. युरोपीय संघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट आदी मालावर लावलेल्या कार्बन आकारणीमुळे, जिचा प्रत्यक्ष अंमल जानेवारी २०२६ पासून सुरू झाला, निर्यातदारांवरील हे ओझे आणखी वाढले आहे. ही तक्रार रास्त आहे. पण तिच्या आड दुसरेही काही घडते. मुलामा, रंगाई, ओतकाम अशी घाणेरडी कामे मोठ्या कारखान्याने बाहेर दिली की त्याचा स्वतःचा हिशेब एका वर्षात स्वच्छ होतो आणि धूर लहानाच्या वहीत जातो, किंवा कोणाच्याच वहीत राहत नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी पुरवठासाखळीचे आकडे मागण्याचे ‘सेबी’ने योजले होते, २०२५ मध्ये ते वर्षभर पुढे ढकलून ऐच्छिक करण्यात आले. मोठ्याने लहानाला तक्त्याबरोबर मोजमापाचा खर्चही द्यावा, असा नियम केला असता तर तो अधिक न्याय्य झाला असता.

या आकड्यांचे महत्त्व वाढण्यास आणखी एक कारण घडले आहे. ‘जनविश्वास’ कायद्याने २०२३ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची तरतूद बहुतांशी काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. तुरुंगात फारसे कोणी जात नव्हते हे खरे. पण मोठ्या कारखान्याला पंधरा लाख ही रक्कम जरब बसवणारी नाही. शिक्षेचा धाक ओसरला की लोकलज्जेचा तरी उरावा लागतो, आणि तो माहिती उघड असल्याशिवाय उरत नाही. महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये धुराड्यांच्या नमुन्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ती यादी जाहीर करण्याचा उपक्रम सुरू केला, तो याच विचाराने. एक तारा म्हणजे काय हे शाळकरी मुलालाही कळते. सुरतेत २०१९ पासून त्याहून पुढचा प्रयोग झाला. मोजयंत्रांच्या नोंदींवर आधारलेला धुलिकणांच्या परवान्यांचा बाजारच तेथे उभारला गेला आणि त्यात भाग घेतलेल्या गिरण्यांचे उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांना आढळले. नोंदीला किंमत आली, तेव्हा गिरणीमालकाने गाळणीकडे लक्ष दिले.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांत परीक्षकाची नेमणूक सोडतीच्या पद्धतीने करण्याचे तत्त्व मान्य झाले आहे, हे गुजरातच्या प्रयोगाचे फलित म्हणता येईल. आता राहिले ते आकडे कारखान्याच्या दारापर्यंत आणण्याचे काम. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. घातक कचऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजीच असा आदेश दिलेला आहे की, कारखान्याने आपल्या फाटकावर फलक लावून घातक रसायने, सांडपाणी, धूर आणि कचरा यांची माहिती लोकांना द्यावी. औद्योगिक वसाहतींतून जाताना असे फलक दिसतात. रंग उडालेला असतो, आणि आकडा कोणत्या साली लिहिला ते वाचता येत नाही. आतल्या खोलीत संगणकाच्या पडद्यावर दर काही मिनिटांनी बदलणारा आकडा त्या फलकावर मराठीत आणायला एका तारेचा आणि एका दिव्याच्या पाटीचा खर्च येईल. संमतिपत्राचे नूतनीकरण करताना मंडळाला ही अट घालता येते.