ती तावदानं काढू नका

आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या मशिदीच्या दुरुस्तीचं काम निघालं आहे. छत गळतं, ते व्हायलाच हवं. वर्गणी मीही दिली. पण कामाच्या यादीत आणखी एक बाब आहे. पूर्वेकडच्या तीन दारांवर अर्धगोल झरोके आहेत. त्यांतली लाल, निळी, हिरवी तावदानं काढून तिथं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, “सर, त्या काचा काळ्या पडल्यात.”

काचा काळ्या पडलेल्या नाहीत. आपण त्या भरदुपारी अंगणात उभं राहून पाहतो, म्हणून तशा दिसतात. बाहेर लख्ख ऊन असतं आणि आतून काचेतून बाहेर येणारा उजेड नावापुरता. रंगीत काच दिवसा आत जाऊनच पाहायची असते.

मुलांची सहल घेऊन मलकापूरहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो होतो, तेव्हा हाच प्रश्न आला. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आम्ही सकाळी ओव्हल मैदानातून पाहिला. मी आधी वर्गात रंगीत काचांचं मोठं वर्णन करून ठेवलेलं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, रंग कुठे आहेत?” खिडक्या खरोखरच शिसवी दिसत होत्या. आत विद्यापीठाचं ग्रंथालय, चाळीस मुलं घेऊन जाण्याची ती जागा नव्हे. उत्तर मिळालं ते परतताना, सीएसएमटीच्या तिकिटाच्या दालनात. त्याच मुलीने वर बोट दाखवलं. मग गाडीची वेळ होईपर्यंत कुणी मोबाइल काढला नाही, हे शिक्षक म्हणून मला विशेष वाटलं.

राजाबाई टॉवरची डागडुजी २०१५ साली पूर्ण झाली. तिथल्या काचाही मळलेल्या, तडकलेल्या होत्या. त्या फेकल्या नाहीत, दुरुस्त केल्या.

आमच्या मशिदीची तावदानं तेवढी मोठी कलाकुसर नव्हेत, हे मान्य. पण हातानं घडवलेली आहेत. काच कुठे जाड, कुठे पातळ, आत बुडबुडे, फिरवल्याच्या रेषा. त्यामुळे जमिनीवर पडणारा रंग सपाट नसतो. पाण्यासारखा हलका-गडद होतो. कारखान्यातली एकसारखी काच हे करू शकत नाही.

एका तरुण सदस्यानं मधला मार्ग सुचवला: काचा ठेवू आणि मागून एलईडी पट्टी लावू, म्हणजे चोवीस तास रंग दिसेल. हेतू चांगला आहे. पण मग झरोका आणि हॉटेलची पाटी यांत फरक काय राहिला? पट्टीचा उजेड जागचा हलत नाही. ऊन हलतं. सूर्य उगवतो तेव्हा रंग थेट किब्ल्याच्या भिंतीपर्यंत पोचतात आणि सूर्य चढेल तसे एकेक सफ मागे सरकत दारापाशी येतात. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला, म्हणून तेच रंग उत्तरेच्या भिंतीकडे कलतात.

नमाजीचं लक्ष विचलित होतं, असाही एक आक्षेप आहे. झरोके नमाजीच्या पाठीमागे आहेत आणि फजरची वेळ सूर्य उगवताच संपते. रंग येतात तेव्हा मशिदीत असतात ती मकतबची मुलं. मीही तिथंच कायदा शिकलो. निळा डाग पानावर यावा म्हणून सरकून बसायचो आणि मौलवीसाहेबांची छडी खायचो. इराणमधल्या शिराजची नसीर-उल-मुल्क मशीद १८८८ साली पूर्ण झाली, आपल्या सीएसएमटीच्याच साली. तिथले रंग पाहायला लोक जगभरातून येतात, तेही सकाळीच.

खर्च वाढतो असंही नाही. काचा ओल्या फडक्यानं पुसायच्या, चौकटीला नवी पुट्टी भरायची, फुटलेल्या दोन जागी साधी काच लावायची, बाहेरून जाळी. मोहल्ल्यात क्रिकेट चालतं, त्यामुळे जाळी हवीच.

जुम्याला कमिटीची बैठक आहे. त्याआधी एक दिवस फजरनंतर घरी जाऊ नका, सूर्य वर येईपर्यंत आतच बसा. चहा मी आणतो.