विश्लेषण : ट्रकवरचे मीठ धुवायचे कसे? घाईची धुलाई महागात का पडते?

अमेरिका आणि कॅनडाच्या उत्तर भागांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते. रस्ता मोकळा होतो, पण तेच मीठ ट्रकच्या तळाला चिकटते आणि लोखंड खाऊ लागते. ते धुतलेच पाहिजे, यावर दुमत नाही. प्रश्न आहे तो कसे धुवायचे आणि कोणाच्या खर्चाने, हा.

मीठ टाकतात कशासाठी?

घरी पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ घालतात, तेच हे शास्त्र. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. मात्र तापमान उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की साध्या मिठाचा प्रभाव बराच कमी होतो. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची जोड दिली जाते. हे दोन्ही क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे ट्रक वरून कोरडा दिसला तरी सांध्यांतला थर ओलाच राहतो आणि गंजाचे काम सुरू राहते.

धोका रंगाला की ब्रेकला?

रंगाचे नुकसान डोळ्यांना दिसते; खरा धोका खाली असतो. ड्रम ब्रेकच्या शूवर, लायनिंगच्या मागे गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे लायनिंग उचलले जाते आणि त्याला तडे जातात. वायरिंगचे जोडही आतून कुजतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुन्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या ब्रेक पाइपांना लागणाऱ्या गंजाची चौकशी केली होती. त्यानंतर २०१५ मध्ये, मीठ वापरणाऱ्या राज्यांतील वाहनधारकांना हिवाळाभर गाडीचा तळ नियमित धुण्याचा सल्ला देण्यात आला. धुलाई ही हौस नसून सुरक्षेचा भाग आहे, हाच त्याचा अर्थ.

मग नुकसान कशाने होते?

घाईने. जोरदार फवारा अगदी जवळून मारला की खारे पाणी वायरिंगच्या जोडांत आणि चाकांच्या सीलमध्ये घुसते, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात. मीठ-चिखल न भिजवता ब्रश फिरवला तर रंगावर ओरखडे पडतात. झटपट चमक देणारी तीव्र आम्ले अ‍ॅल्युमिनियमची चाके आणि टाक्या डागाळतात. न धुतलेला ट्रक उबदार गॅरेजमध्ये उभा करणेही चूकच, कारण उष्णतेने गंजण्याचा वेग वाढतो.

योग्य पद्धत कोणती?

तापमान शून्याच्या वर असलेला दिवस किंवा बंदिस्त, उबदार वॉशिंग सेंटर निवडावे. आधी तळ, चाकांचे कोनाडे आणि चासी यांवर कमी दाबाने भरपूर पाणी सोडून मीठ भिजू द्यावे. पाणी कोमट असावे. गोठलेल्या काचेवर कढत पाणी पडल्यास ती तडकू शकते. त्यानंतर सौम्य साबण वापरावा आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावे. वापरलेलेच पाणी फिरवणाऱ्या केंद्रात ही शेवटची पायरी विशेष महत्त्वाची, कारण त्या पाण्यातही मीठ असू शकते. दारांचे रबर आणि कुलपे पुसून घ्यावीत. सांध्यांना नवे ग्रीस द्यावे. मोकळ्या जागेत ट्रक हळू चालवत ब्रेक काही वेळा दाबून सुकवावेत. ओले ब्रेक लावून ट्रक थंडीत उभा केला, तर शू ड्रमला गोठून चिकटतात.

हा वेळ कोणाचा?

इथे खरी मेख आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या अनेक चालकांना मैलांवर पैसे मिळतात. वॉशिंग सेंटरच्या रांगेतला तास त्यांच्या खिशातून जातो. साहजिकच धुलाई टळते किंवा उरकली जाते. चालकाला ‘काळजी घे’ म्हणून सांगणे सोपे. पण हिवाळ्यातली धुलाई देखभालीच्या वेळापत्रकात बसवून तिचा खर्च आणि वेळ मालकाने उचलला नाही, तर ती सूचना कागदावरच राहील. ब्रेक शू बदलण्याचे पैसे मालकच देतो. मग ते गंजू नयेत म्हणून लागणारा तास चालकाच्या माथी मारणे ना न्यायाचे, ना शहाणपणाचे. शिवाय ब्रेक ऐनवेळी दगा देतील तेव्हा किंमत मोजणाऱ्यांत रस्त्यावरचे इतरही असतील.